व्हायकाउंटमधलं कपाट

"एक फोन लावतो," मी म्हणालो, "त्या विमानाला कोणी बोटसुद्धा लावणार नाही. लिहून घ्या."

"कशावर लिहून घेऊ?" पपा म्हणाले. "गिझरवाला मंगळवारी येतो असं तुम्ही लिहून दिलं होतंत. तो कागद अजून वटलेला नाही."

पपा म्हणजे माझे सासरे, रमाकांत विजयकर. पंधराएक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. एके काळी ते विमानात चीफ पर्सर होते, म्हणजे वर प्रवाशांची सरबराई करणाऱ्या सगळ्यांचे मुख्य. निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी घरात चहाचा कप ठेवताना त्याचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला यायचा. आला नाही तर ते उठून फिरवायचे.

त्या दिवशी त्यांच्यासमोर पेपर उघडा होता आणि हातात भिंग होतं. पेपरात आतल्या पानावर एक फोटो होता. नागपूरच्या अलीकडे हायवेला कोणीतरी जुनं विमान आणून त्यात हॉटेल काढलं होतं. हॉटेल बसलं, विमान भंगारात गेलं, आणि शनिवारपासून ते कापायला घेणार अशी चार ओळींची बातमी होती. पपांनी भिंगातून शेपटीवरची अक्षरं वाचली होती.

"तेच आहे," ते म्हणाले. "यामिनीचं."

यामिनी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या एअर होस्टेस होत्या. त्या काळी होस्टेसनं लग्न केलं की नोकरी संपली, असा नियम होता. लग्नाआधीच्या शेवटच्या फेरीला त्या याच व्हायकाउंटवर होत्या. चार पंख्यांचं विमान, मोठ्या लंबगोल खिडक्या. मुंबईला उतरल्यावर त्या पपांना म्हणाल्या, "मागच्या उंच कपाटाच्या दारावर आतून तुझ्यासाठी काहीतरी लिहिलंय. पेन्सिलनं. उद्या बघ." दुसऱ्या दिवशी पपांना वेगळ्या विमानावर टाकलं. त्याच आठवड्यात ते विमान दुसऱ्या कंपनीनं नेलं. मग त्रेचाळीस वर्षं पपा विचारायचे, "काय लिहिलं होतंस गं?" आणि सासूबाई म्हणायच्या, "जाऊन बघ."

आठ महिन्यांपूर्वी त्या गेल्या. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात पपांनी पुन्हा विचारलं. त्यांना बोलायला त्रास होत होता. तरी नाकावरची नळी जरा बाजूला करून त्या म्हणाल्या, "जाऊन बघ."

"लावा मग फोन," पपा म्हणाले.

मी सरकारी खात्यात अभियंता होतो. रस्ते बांधायचो. फोनवर माणसाला कसं हलवायचं ते मला येत होतं, निदान तसा माझा समज होता. पेपरच्या ऑफिसातून भंगारवाल्याचा नंबर मिळवला. श्रावण ठवकर त्याचं नाव.

"ठवकर, मी मुंबईहून बोलतोय," मी आवाज खाली नेऊन म्हणालो. तो आवाज मी फक्त ठेकेदारांसाठी ठेवलेला आहे. "एअरलाइनचे मोठे साहेब सोमवारी विमानाच्या पाहणीला येतायत. तोपर्यंत कापायचं नाही. आणि विमान व्यवस्थित ठेवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस उभा राहिला होता.

"हो जी. काईच चिंता करू नका. एकदम व्यवस्थित ठेवतो."

फोन ठेवला आणि पपांकडे बघितलं. "झालं."

"मी मोठा साहेब कधी झालो?"

"पपा, 'सासऱ्यांना कपाट बघायचंय' असं सांगितलं असतं तर त्यानं आजच कापायला घेतलं असतं."

त्यांना पटलं. मलाही पटलं होतं. त्या फोनचा मला इतका अभिमान वाटत होता की मी तो दोनदा ऑफिसात सांगितला.

*

सोमवारी सकाळचं विमान होतं. तिकिटं मी काढली होती, सगळ्यात स्वस्त. पपा पहाटेच तयार होते. राखाडी सूट, टाय, टायला पिन, बुटांत तोंड दिसेल अशी पॉलिश. मी टी-शर्टात होतो.

"तुम्ही असे येणार?" त्यांनी विचारलं.

"हल्ली सगळे असेच जातात पपा. चपला घालूनसुद्धा जातात."

"जात असतील. मला विमानप्रवास शिकवू नका मोरेश्वरराव. बावीस हजार तास आहेत माझे."

बावीस हजार तासांचा माणूस विमानतळाच्या दारातच अडला, कारण त्यानं ओळखपत्र म्हणून एअरलाइनचा १९७१ सालचा पास काढून दिला. दारातल्या शिपायानं तो उलटा धरून बघितला. मग मी त्यांचं मतदार ओळखपत्र दिलं. पुढे तपासणीला बूट काढा, बेल्ट काढा, टायपिन काढा असं चाललं. पपांनी सगळं काढलं. पँट एका हातानं धरून, ट्रेमागे मोज्यांवर चालताना ते मला म्हणाले, "आम्ही प्रवाशाला आत घेताना कोट काढून घ्यायचो. टांगायला."

तेवढ्यात मशिनवर बसलेल्या जवानानं त्यांची बॅग बाजूला घेतली. आत भिंग, टॉर्च आणि एक लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर होता. जवान कोल्हापूरकडचा निघाला.

"काका, हे काय?"

"स्क्रू ड्रायव्हर."

"ते दिसतंय की. कशाला घेतलाय?"

पपांना खोटं बोलता येत नाही. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी उघडलं होतं.

"विमानाचं दार काढायचंय."

मागच्या रांगेतला एक माणूस आपली बॅग घेऊन दुसऱ्या रांगेत गेला.

"कुठल्या विमानाचं?" जवानानं अगदी हळू विचारलं.

"या नव्हे हो. जुन्या. नागपूरला आहे. यात कुठे स्क्रू असतात? यात सगळं चिकटवलेलं असतं."

आम्हाला एका काचेच्या खोलीत नेलं. तिथे एक अधिकारी आला, मग त्याचा अधिकारी आला. मी त्यांना विमान हॉटेल, भंगार, कपाट, सासूबाई, पेन्सिल असं सगळं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. मोठ्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पपांना विचारलं, "पण काय लिहिलंय ते माहीत नाही?"

"नाही."

"त्रेचाळीस वर्षं?"

"हो."

तो जरा वेळ पपांच्या मोज्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "जा. स्क्रू ड्रायव्हर इथे राहील."

"परत येताना मिळेल?"

"काका, जा."

आमच्या नावाचा पुकारा चालू होता. 'विजयकर' चा 'विजयकुमार' झाला होता. पपा धावले नाहीत. "पर्सर धावला की प्रवासी घाबरतात," ते म्हणाले आणि बुटांच्या नाड्या नीट बांधून मगच निघाले. शेवटी बसमध्ये आम्ही दोघं आणि एका बाळाची विसरलेली दुधाची बाटली एवढेच होतो.

विमानात आमच्या सीट अगदी मागे, एकोणतिसाव्या रांगेत. पपांना खिडकी मिळावी म्हणून मी खास निवडली होती. खिडकीच्या जागी नुसती भिंत होती. त्या रांगेला खिडकीच नव्हती.

"मोरेश्वरराव, ही खिडकी कुठे उघडते?" पपांनी भिंतीवर बोट आपटून विचारलं.

"चार्टवर दिसत होती हो."

"व्हायकाउंटची खिडकी एवढी असायची." त्यांनी हात पसरले, त्यातला एक मधल्या सीटवर बसलेल्या माझ्या नाकाला लागला. "माणूस डोकं टेकून झोपला तर त्याला खाली गोदावरी अख्खी दिसायची."

"झोपला तर कशी दिसेल?"

"उठल्यावर."

मी सीट मागे ढकलून बघितली. ती मागे जात नव्हती. पपांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले होते आणि पुढच्या माणसानं दोनदा वळून बघितलं होतं. विमान वर गेलं. एक मुलगी ट्रॉली ढकलत आली. बावीस-तेवीसची असेल, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर सकाळपासून तिसरं उड्डाण दिसत होतं.

"सर, काही घेणार?"

पपा सीटमध्ये जेवढे सरळ बसता येईल तेवढे सरळ बसले. "गुड मॉर्निंग. गरम काय आहे?"

"पाणी, सर."

"आणि?"

"त्या पाण्यात उपमा. कपात असतो. झाकण लावून आठ मिनिटं ठेवायचं."

"कोण ठेवतं?"

"तुम्हीच, सर."

पपांनी उपमा घेतला. मी पैसे दिले. पपांनी घड्याळ लावून आठ मिनिटं वाट बघितली, सातव्या मिनिटाला विमान हललं आणि अर्धा उपमा सुटाच्या पँटवर आला. मुलगी धावत आली, टिश्यू घेऊन. पपांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही पुढे बघा. मी करतो." मग खालच्या आवाजात तिला सांगितलं, "ट्रॉलीचा मागचा ब्रेक लागलेला नाही."

तिनं बघितलं. लागलेला नव्हता. "थँक्यू अंकल," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच खरी हसली. मग पाच मिनिटांनी तीच मुलगी पुन्हा आली, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, कारण आता कचरा गोळा करायचा होता. त्यानंतर मनगटी घड्याळं विकायला आली.

"आम्ही सूप द्यायचो," पपा म्हणाले. "चिनी मातीच्या वाडग्यात. हैदराबादला पोचेपर्यंत एक थेंब बाहेर नाही. कंपनीचा माणूस टेबलावर नाणं उभं करून दाखवायचा, चारी पंखे चालू असताना."

"आणि तिकीट?"

"होतं जास्त."

"म्हणजे मी तेव्हा आत असतो का?"

पपांनी विचार केला. ते प्रामाणिक माणूस. "नाही. तुम्ही सांताक्रूझ विमानतळाच्या गच्चीवरून हात हलवत असता. तुमचे वडील तुम्हाला खांद्यावर घेऊन."

"आमचे वडील कुर्डुवाडीच्या पुढे गेले नाहीत."

"मग गच्चीवरही नसता."

पलीकडच्या रांगेत एक नऊवारीतली आजीबाई पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती आणि नातीला धपाट्यावरची चटणी पुसून देत होती. पपा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"बरं झालं तसं," ते म्हणाले. "पण एक खिडकी ठेवायला काय होतं?"

*

नागपूरला विमान वीस मिनिटं आधी पोचलं. वेळेआधी पोचल्याबद्दल स्पीकरवर वाजंत्री वाजली. मग विमानाला उभं राहायला जागा नव्हती म्हणून आम्ही पस्तीस मिनिटं धावपट्टीच्या कडेला बसून राहिलो.

टॅक्सीत पपा पँटवरचा डाग नखानं खरवडत होते. मी विचारलं, "पपा, हॉटेल सहा वर्षं चालू होतं म्हणे. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पेपरात जाहिरात यायची. 'विमानात वडाभात.'"

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"तेव्हा ती होती ना," पपा म्हणाले. "ती म्हणायची, जाऊन बघ. मी म्हणायचो, जाऊ. ती चिडवायची, मी चिडायचो. ते एक चालू होतं आमचं." ते खिडकीबाहेर बघायला लागले. टॅक्सीला खिडकी होती. "बघून आलो असतो तर मग काय विचारणार होतो?"

मला वाटलं, बारा वाजायच्या आत हे काम होणार आहे, संध्याकाळी घरी जाऊन निलांबरीला सांगू. निलांबरी म्हणजे माझी बायको, त्यांची मुलगी. आईनं काय लिहिलं होतं हे तिलाही हवं होतं. तिनं निघताना मला सांगितलं होतं, "पपांना आधी एकट्यांना वाचू दे. तू डोकं घालू नकोस."

हायवे सोडून टॅक्सी डावीकडे वळली आणि मला लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची रेघ मारली होती. झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना. त्याच्यावर गेरूचा पट्टा. हे सगळं माझ्या इतकं ओळखीचं होतं की टॅक्सीत मी आपोआप टी-शर्ट खोचायला लागलो.

फाटकापाशी ठवकर उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मागे सात-आठ माणसं अंघोळ करून एका रांगेत उभी. रांगोळी होती. हाराचं ताट होतं.

"या जी, या साहेब!" त्यानं पपांच्या गळ्यात हार घातला. दुसरा माझ्या गळ्यात घातला. "प्रवास चांगला झाला नं? थोडा चहा घ्या पयले."

"विमान," पपा म्हणाले.

"हो तर. या न."

विमान शेडच्या मागे उभं होतं. चाकांखाली विटा. पपा थांबले. मी त्यांच्याकडे बघत होतो म्हणून मला विमान नंतर दिसलं. ते पांढरंफेक होतं. नाकापासून शेपटीपर्यंत. पोटाला, खालून हातभर, गेरूचा पट्टा. खिडक्यांच्या लंबगोल चौकटींना निळा ऑइलपेंट. दारावर आंब्याचं तोरण.

"तीन दिवस लागले साहेब," ठवकर म्हणाला. "तुमचा फोन आला शुक्रवारी, अन् लगेच मानसं लावली. लय घान झालतं जी. कबुतरं, उंदरं. हॉटेलवाल्यानं तर पुरी वाट लावली होती."

"आत?" मी विचारलं. माझा तो ठेकेदारांसाठीचा आवाज कुठेतरी गेला होता.

"आत तं पाह्याच!"

पपा शिडी चढले. मी मागून. आत एकही सीट नव्हती. "सडल्या होत्या, जाळून टाकल्या," ठवकर मागून सांगत होता. जमीन धुतलेली. भिंती, छत, सामानाच्या फळ्या, सगळं पांढरं. उन्हानं डोळे दिपत होते. कोपऱ्यात गणपतीचा फोटो लावून उदबत्ती पेटवली होती. आमच्या खात्याचं एखादं विश्रामगृह सुपरिंटेंडिंग इंजिनिअर यायच्या आदल्या दिवशी दिसतं, अगदी तसं.

पपा सरळ मागे गेले. त्रेचाळीस वर्षांनी, सीट नसलेल्या विमानात, ते मधल्या वाटेच्या मापातच चालत होते, दोन्ही बाजूंना कोणी बसलंय असं. मागे उंच कपाट होतं. माणसाच्या उंचीचं, अरुंद दार. बाहेरून पांढरं. त्यांनी ते उघडलं.

आतूनही पांढरं होतं.

"आतून बी मारला," ठवकर म्हणाला. तो खूश होता. "आमाले मालूम आहे नं जी. साहेब लोक कपाट उघडून पाह्यतात."

हे खरं होतं. साहेब लोक कपाट उघडून बघतात. मी स्वतः दोनदा त्यात पकडला गेलो होतो. 'मोठे साहेब पाहणीला येतायत, व्यवस्थित ठेवा' असं कोणी मला सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? मी तेवीस वर्षं तेच करत आलो होतो. त्या फोननंतर चुना कालवला जाणार हे अख्ख्या महाराष्ट्रात कोणाला कळायला हवं होतं, तर मला.

पपांनी भिंग काढलं, टॉर्च लावला आणि दाराला नाक लावून बघायला लागले. ठवकरच्या माणसांना वाटलं, पाहणी चालू झाली. ते हात बांधून उभे राहिले.

"काहीतरी आहे," पपा म्हणाले. "खालून रेघा दिसतात. तीन ओळी आहेत. मोरेश्वरराव, तीन ओळी!"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्यानं बिघडवलं त्यालाच दुरुस्त करायची घाई असते. मी रुमाल पाण्यात बुडवला आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला हलकेच फिरवला. चुना निघाला. खाली जुना पिवळट रंग दिसला आणि त्याच्यावर पेन्सिलीचा एक 'र'. गोल, डावीकडे झुकलेला.

"हा तिचा आहे," पपा म्हणाले. "र. ती मला—"

मी आणखी जरा फिरवला. 'र' पुसला गेला. चुन्यात डिंक घातला होता. चुना निघताना पेन्सिल घेऊन निघत होता. मी रुमाल उलटा करून बघितला. त्यावर राखाडी डाग होता.

"हात लावू नका," पपा म्हणाले. ओरडले नाहीत. "मोरेश्वरराव, आता कशालाही हात लावू नका."

मी रुमाल खिशात ठेवला. ठवकर एकदा माझ्याकडे, एकदा पपांकडे बघत होता. "काई चुकलं का जी?"

मग पपांनी त्याला सगळं सांगितलं. साहेब वगैरे काही नाही, सासरा आणि जावई, बायको, पेन्सिल. ठवकर खाली बसला, भुईवरच. इस्त्रीच्या शर्टासकट.

"बाप्पा," तो म्हणाला. "अन् मी म्हन्तो, आतून बी मारा रे." त्यानं कपाळाला हात लावला, गंध पुसलं गेलं. "तुमी 'साहेब' कायले म्हन्ले जी? 'बायकोचं लिवलेलं हाय' म्हन्ले असते तर मी इथं रात्रंदिवस मानूस बसवला असता. कबुतर बी जाऊ दिलं नसतं."

पपांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्यांचे उपकार.

"ऐका," ते म्हणाले. "मुंबईत जुनी चित्रं साफ करणारे लोक असतात. संग्रहालयात. कापसानं, कणाकणानं काढतात वरचा रंग. खाली तीन ओळी आहेत, एक अक्षर गेलंय. बाकीचं येईल. दार काढून न्यायचं."

"न्या न. हे काय इचारनं झालं? पुरं कपाट न्या."

"स्क्रू ड्रायव्हर आहे?"

ठवकरनं त्याच्या माणसांकडे बघितलं. माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

"स्क्रू आमी कदी खोललाच नाही जी. आमचं सगळं गॅसवर."

गॅसची ज्योत त्या दारापाशी न्यायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एक माणूस मोटरसायकलवर गावात गेला. सोमवार, बाजार बंद. तो तासाभरानं हात हलवत आला. मी विमान कंपनीला फोन लावला. एवढं दार आत घेता येणार नाही आणि सामानात टाकलं तर आमची जबाबदारी नाही, असं एका मुलीनं मला तीनदा, त्याच शब्दांत सांगितलं. आमचं परतीचं विमान पाचचं होतं.

"तुमी जा," ठवकर म्हणाला. "उद्या स्क्रू ड्रायव्हर आनतो, माह्या समोर खोलतो, नव्या गादीत गुंडाळतो, ट्रान्सपोर्टनं पाठवतो. चार दिवसांत तुमच्या दारात. लेकीची शपथ."

"आणि बाकी विमान?" पपांनी विचारलं.

"ते तं कापावंच लागन साहेब. फ्याक्टरीची गाडी ठरली आहे."

पपांनी मान हलवली. ते कपाटासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि दार हळू लावून घेतलं, कडीचा आवाज न करता. मी मागे राहिलो. एवढ्या पांढऱ्यात कोणतं दार कोणतं ते उद्या कोणाला कळणार? शेजारीच साधारण तेवढंच आणखी एक दार होतं. खात्रीसाठी मी उरलेल्या गेरूच्या डब्यात बोट बुडवलं आणि कपाटाच्या दारावर एक मोठी, ठसठशीत फुली मारली. लांबूनही दिसेल अशी. ठवकरला दाखवली. तो म्हणाला, "बेस केलं जी."

परतीच्या विमानात पपांना खिडकी मिळाली. बाहेर ढग होते. ते काही बोलले नाहीत, उपमा घेतला नाही. दारव्ह्याच्या आसपास कुठेतरी त्यांनी बोटानं समोरच्या ट्रेवर काहीतरी लिहून बघितलं. मी मान वळवली. पण मला दिसलं होतं. ते 'र' काढून पुढे काय येऊ शकेल ते बघत होते. 'रमाकांत', 'रमू', 'राजा'. 'राजा' वर ते थांबले, मग हातानं ट्रे पुसला.

*

पार्सल शुक्रवारी आलं. दोन हमालांनी ते जिन्यातून वर चढवलं. नवी कोरी गादी, लाल फुलांची, सुतळीनं चारी बाजूंनी आवळलेली. संग्रहालयातल्या एका बाईंशी पपा बोलून आले होते. त्या सोमवारी बघणार होत्या. निलांबरीनं हॉलमधला सोफा बाजूला सरकवून चादर अंथरली होती. पपांनी पुन्हा सूट घातला होता.

सुतळी मी कापली. गादी पपांनी उलगडली.

दार स्वच्छ होतं, सुरेख खोललं होतं. एकही ओरखडा नाही. वरच्या बाजूला छोटी सरकती पट्टी होती, 'आत कोणी आहे' आणि 'रिकामे' अशी. ते संडासाचं दार होतं.

मी ठवकरला फोन लावला. तो गावाला गेला होता, चुलत्याचं निधन झालं होतं. सोमवारी रात्रीच निघावं लागलं. माणसांना नीट सांगून गेलो होतो, म्हणाला. साहेबांचं दार खोलून गादीत घालून पाठवा.

"मग हे संडासाचं कसं काय आलं?"

"थांबा जी, इचारतो."

दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण पपा शेजारी उभे होते.

"साहेब," ठवकर म्हणाला. "मानसं म्हन्तात, दोन दारं होते. एकावर लाल फुली होती. रस्त्याच्या कामात झाडावर लाल फुली असली का ते तोडायचं असते नं जी. ते आधी तिकडंच होते कामाले. त्याइनं फुलीवालं पयले कापलं, अन् बिनाफुलीचं जपून खोललं."

"आणि ते कापलेलं?" निलांबरीनं विचारलं.

"मंगळवारच्या गाडीत गेलं, ताई. बुधवारी भट्टी होती."